बिनधुराचा सोमवार

अर्जातले सोळा प्रश्न ग्रामसेवक विश्वंभर पाठकांनी चहा निवायच्या आत उरकले. झाडं किती लावली, त्यातली किती जगली, शोषखड्डे किती, एलईडी दिवे किती, सगळं सटासट लिहिलं. जगलेल्या झाडांपाशी पेन जरा अडखळलं, पण आज वाळलेलं झाड पावसाळ्यात फुटूही शकतं, असा उदार विचार करून त्यांनी तोही आकडा भरला. सतराव्या प्रश्नाला मात्र त्यांनी पेनाला टोपण लावलं आणि खुर्ची मागं सरकवली.

"काय झालं, भाऊसाहेब?" समोर बसलेल्या सरपंच शालूबाईंनी विचारलं.

"ऐका. 'वातावरणात जाणारा धूर कमी करण्यासाठी ग्रामपंचायतीने घेतलेला अभिनव निर्णय. पुरावा जोडा. गुण पंचवीस.'"

"मग घ्या की एखादा निर्णय."

"अभिनव पाहिजे, बाई. म्हणजे आजवर कुणी घेतला नाही असा."

"आपल्या पंचायतीनं कोणताबी निर्णय घेतला तरी तो अभिनवच व्हईल," शालूबाई म्हणाल्या आणि पदरानं वारा घेऊ लागल्या.

स्पर्धा जिल्ह्याची होती. हवामान बिघडत चाललंय, गावांनी आपापला धूर कमी करावा, आणि जे गाव पंचाहत्तर गुण मिळवील त्याच्या पाण्याच्या विहिरीवर सौरपंप बसवून मिळेल, असं पत्र आलं होतं. टाकळी बुवाची या गावाला हवामानाची काळजी नव्हती असं कुणी म्हणू नये. वाळत घातलेली हळद दोन वर्षं अवकाळी पावसात भिजल्यापासून लोक आभाळाकडं उधारी बुडवणाऱ्या पाहुण्याकडं बघावं तसं बघत. पण शालूबाईंचा जीव अडकला होता तो पंपात. गावाला विहीर होती, टाकी होती, घरोघरी नळ होते. नव्हती ती फक्त लाईट. ती यायची तेव्हा बाया रानात असायच्या आणि बाया घरी असायच्या तेव्हा नळ नुसता फुसफुसायचा. "सकाळी सातला नळाला पाणी आणीन" असं शालूबाईंनी निवडणुकीत दारोदार सांगितलं होतं. त्याला साडेतीन वर्षं झाली. आता त्या स्वतः हंडा घेऊन निघाल्या की वाटेतल्या बाया बाजूला सरून उभ्या राहायच्या आणि काही बोलायच्या नाहीत. शिव्या दिल्या असत्या तर शालूबाईंना तेवढं लागलं नसतं.

तर पंचवीस गुणांशिवाय पंचाहत्तर होत नव्हते, आणि पंचाहत्तरशिवाय पंप नव्हता. विश्वंभररावांनी दोन दिवस डोकं खाजवलं आणि तिसऱ्या दिवशी ग्रामसभेत निर्णय मांडला. आठवड्यातून एक दिवस गावात धूर सोडणारं वाहन येणार नाही आणि गावातलं सुरू होणार नाही. आजाऱ्याच्या गाडीला तेवढी सूट.

"कागदावरच ना?" मेंबर तातेरावांनी लगेच विचारलं. तातेरावांकडं एक ट्रॅक्टर, दोन मोटारसायकली आणि प्रत्येक विषयावर मत होतं.

"कागदावर तर घ्यावंच लागेल ना आधी," विश्वंभरराव म्हणाले. या उत्तराचा ज्याला जो पाहिजे तो अर्थ घेता येत होता. नोकरीत एकवीस वर्षं टिकलेला माणूस असंच उत्तर देतो.

मग वारांची घासाघीस सुरू झाली. बाजाराचा वार नको, तो आधी कटाप झाला. शनिवारी मारुतीला जावं लागतं. रविवारी पाहुणे येतात. गुरुवारी एकाचा मठ होता, शुक्रवारी दुसऱ्याची देवी होती. होता होता सोमवार उरला. सोमवार उरावा हे विश्वंभररावांनी आधीच मनात धरलेलं होतं, कारण दर सोमवारी त्यांची कळमनुरीला पंचायत समितीत बैठक असायची. ते राहायलाही कळमनुरीतच होते. म्हणजे गाव सोमवारी पायी चालो की रांगत जावो, त्यांच्या मोटारसायकलला त्याची झळ लागणार नव्हती.

"सोमवार लई बराबर," मागून आवाज आला. सत्तरीचे जळबामामा उभे राहिले होते. गावात बैलजोडी उरली होती ती एकट्या जळबामामांकडं. बाकीच्यांचे गोठे आता मोटारसायकली ठेवायच्या कामी येत. "माझ्या बैलायचाबी सोमवार..."

"मामा, तुमचं अनुमोदन लिहून घेतलं," विश्वंभरराव घाईनं म्हणाले. जळबामामा एकदा बोलायला लागले की निजामाच्या काळापासून सुरुवात करत. "चला, पुढचा विषय."

जळबामामा खाली बसले. ठराव झाला. मोठ्या रस्त्यावरून गावाकडं वळणाऱ्या फाट्यावर हिरवा बोर्ड लागला: 'सोमवार, बिनधुराचा वार. कृपया वाहन इथेच थांबवावे.' बोर्डाचा फोटो अर्जाला जोडला गेला, आणि त्याच सोमवारी बोर्डासमोरून तातेरावांचा ट्रॅक्टर भकभक करत रानात गेला. कुणाला त्यात काही वावगं वाटलं नाही.

महिनाभरानं पत्र आलं. ते वाचून विश्वंभरराव कपाळाला हात लावून बसले.

"समिती येते आहे," ते शालूबाईंना म्हणाले. "दोघं जण. एक केतकी मॅडम आहेत, त्या गुण देणार. दुसरे उत्तमसिंग साहेब, पंपाचे जुने जाणकार. ते विहीर बघून सही करतील तेव्हाच पंप मिळणार."

"येऊ द्या की मग. काहून तोंड पाडून बसले?"

"सोमवारी येणार आहेत. आपला नियम कसा चालतो ते बघायला."

पण शालूबाई गांगरणाऱ्या नव्हत्या. "सोमवारी ट्रॅक्टर, मोटारसायकली समद्या बंद. तातेरावांना मी सांगते. अन् साहेबलोकांना फाट्यावरून आणायला बैलगाडी. धूर न्हाई, पेट्रोल न्हाई, फोटोबी झकास निघतो. जळबामामाला निरोप द्या."

विश्वंभररावांना ही युक्ती इतकी आवडली की ती आपल्याला कशी सुचली नाही याचंच त्यांना वाईट वाटलं. पंचायतीचा शिपाई प्रेमदास जळबामामांकडं निरोप घेऊन गेला आणि परत आला. "काय म्हणाले?" "म्हनले, गाडी आनून ठिवतो." झालं तर मग.

सोमवारी विश्वंभररावांनी कळमनुरीच्या बैठकीला दांडी मारली आणि सकाळी दहाला ते फाट्यावर आले. मोटारसायकल त्यांनी मोठ्या रस्त्यावरच्या टपरीमागं दडवली. बघतात तर गाडी हजर. नुसती हजर नाही, धुऊन पुसून, दोन्ही बाजूंना आंब्याचे टहाळे बांधून, वर सतरंजी अंथरून. शालूबाई नवी साडी नेसून, तातेराव पांढरी टोपी घालून उभे. जरा पलीकडं लिंबाच्या झाडाखाली जळबामामा बसले होते आणि त्यांचे दोन्ही बैल, चांद्या आणि गुलब्या, मोकळे सुटून बांधाचं गवत खात होते. एकूण देखावा इतका साजरा होता की विश्वंभररावांनी लगेच एक फोटो काढला.

साडेदहाला जीप आली आणि बोर्डासमोर थांबली. पुढून केतकी मॅडम उतरल्या. वय तिशीच्या आसपास, हातात फाईल, बोलणं मोजकं. मागून उत्तमसिंग साहेब उतरू लागले. त्यांचं उतरणं बराच वेळ चाललं. आधी काठी आली, मग एक पाय, मग एक 'हे राम', मग दुसरा पाय. शरीर ऐसपैस होतं आणि दोन्ही गुडघे कामातून गेले होते.

"गाव कुठं आहे?" त्यांनी विचारलं.

"दोन किलोमीटर, साहेब. विहीर जरा पुढं," विश्वंभरराव म्हणाले.

उत्तमसिंग साहेबांनी आशेनं जीपकडं पाहिलं. केतकी मॅडमनी बोर्डाकडं बोट दाखवलं. "सर, नियम त्यांनी केलाय. आपणच मोडला तर गुण कशाचे देऊ?"

"साहेबांना चालायचं कामच नाही," विश्वंभरराव हसत म्हणाले. "बैलगाडीची सोय आहे. जळबामामा, जुंपा."

जळबामामा जागचे हलले नाहीत. "काय जुंपू?"

"काय म्हणजे? बैल."

"आज सोमवार हाय," जळबामामा शांतपणे म्हणाले. "सोमवारी बैलायच्या मानंवर जू ठिवत न्हाईत. महादेवाचा वार. नंदीची सुट्टी."

विश्वंभररावांच्या चेहऱ्यावरचं हसू तसंच राहिलं, फक्त त्याच्यातला जीव गेला. "अहो, पण तुम्ही गाडी आणलीत की."

"गाडी आना म्हनले, आनली. कालच आनून ठिवली, रविवारी. बैल घरी नेले. आज चारायला आनले."

"मग आधी सांगायचं ना, मामा."

"सांगत व्हतो की. सभेत उभा राहून सांगत व्हतो, माझ्या बैलायचाबी सोमवार असतो म्हून. तुमीच म्हनले, पुढचा विषय."

शालूबाईंनी डोक्यावर पदर ओढला. त्यांच्या माहेरी चार बैल होते आणि सोमवारी त्यांचे वडील बैलांना जुवाजवळसुद्धा नेत नसत. उलट त्यांच्या खांद्यांना तेल चोळत बसत. घरचे बैल विकून अकरा वर्षं झाली, ट्रॅक्टरला कुठला आलाय वार, आणि आपण हे पार विसरून गेलो याची त्यांना तिथल्या तिथं लाज वाटली. त्यामुळं जळबामामांची समजूत घालायला त्यांची जीभ उचलेना.

तातेरावांची उचलली. "मामा, दोन किलोमीटरचा तर मामला हाय. महादेवाला मी नारळ फोडतो, उद्या बैलायला सुट्टी द्या."

"तुमी एकादशी दुसऱ्या दिवशी धरता का?"

तातेराव बैलांकडं बघू लागले. ते एकादशी धरतच नव्हते.

आता बघा कशी गंमत होती. जीप होती, तिच्यात डिझेल होतं. गाडी होती, सतरंजीसकट. बैल होते, पोट भरलेले. गावात शिरायला मात्र काही म्हणजे काही नव्हतं. गावानं यंत्राला सुट्टी दिली ती नेमकी बैलांच्या सुट्टीच्या दिवशी, आणि ते सुद्धा बैलवाल्याचं अनुमोदन घेऊन.

प्रेमदासनं आपली सायकल पुढं केली. उत्तमसिंग साहेब कॅरिअरवर बसले, सायकलीनं एक दीर्घ सुस्कारा सोडला आणि मागच्या चाकाची रिम जमिनीला टेकली. शाळेतल्या गुरुजींची बॅटरीवरची स्कूटर होती, पण ती मागच्या दिवाळीपासून चार्जिंगलाच लावलेली होती.

"साहेब," तातेराव आवाज खाली आणून म्हणाले, "तुमच्या छातीत जरा दुखून राहिलं का?"

"नाही भई. काहून?"

"आजाऱ्याच्या गाडीला सूट हाय. थोडं दुखलं तर बोलावतो."

"मेरे घुटने खराब हैं, दिल नहीं," उत्तमसिंग साहेब म्हणाले. मग ते विश्वंभररावांकडं वळले. "असं करू. पुढच्या महिन्यात बघू. मंगळवारी येतो."

"सर, याद्या शुक्रवारी बंद होतात, आणि तोवर रोज आपण दुसऱ्या गावांत आहोत," केतकी मॅडम म्हणाल्या. आवाजात जरा वाईट वाटल्यासारखं होतं, पण फाईल त्यांनी मिटली.

फाईल मिटलेली शालूबाईंनी पाहिली. त्यांच्या डोळ्यापुढं वाट सोडून उभ्या राहणाऱ्या बाया आल्या. "मामा," त्या जळबामामांना म्हणाल्या, "बैलायला जू न्हाई, कबूल. माझा बाप तेच करायचा. पण गाडीला सोमवार असतो का?"

जळबामामांनी विचार केला. प्रश्न शास्त्राचा होता. "न्हाई," ते म्हणाले. "गाडीला वार न्हाई. वार बैलाचा."

"मग गाडी न्यायला तुमची हरकत न्हाई."

"माझी न्हाई. पन वढनार कोन?"

शालूबाईंनी पदर खोचला आणि तातेरावांकडं पाहिलं. "तातेराव, तुमी निवडणुकीत म्हणले होते, गावासाठी खांदा देईन."

"ते बोलण्यात असतंय, बाई..."

"आज करण्यात येऊ द्या. उजवीकडं तुमी. डावीकडं भाऊसाहेब. मी अन् प्रेमदास मागून ढकलतो."

विश्वंभरराव म्हणणार होते की ग्रामसेवकाच्या कामाच्या यादीत हे बसत नाही. ती यादी त्यांना पाठ होती. पण सोमवार कुणी निवडला, तो का निवडला आणि मामांना खाली कुणी बसवलं, हे सगळं त्यांच्या मनाला टोचत होतं. त्यांनी चष्मा खिशात घातला आणि जुवाखाली मान वाकवली.

"मला उतरवा हो, लोक काय म्हणतील," उत्तमसिंग साहेब गाडीत चढवल्यावर म्हणत राहिले.

"विहीर बघितल्याबिगर उतरायचं न्हाई, साहेब," शालूबाई मागून म्हणाल्या.

गाडी हलली. बैलगाडी बघणं निराळं आणि बैलगाडी ओढणं निराळं, हे ज्ञान विश्वंभररावांना पहिल्या पन्नास पावलांत झालं. जू खांद्यात रुतत होतं, तातेराव पुढं ओढत होते, विश्वंभरराव बाजूला ओढत होते आणि गाडी दोघांचंही न ऐकता तिसरीकडं निघाली होती. जळबामामा सवयीनं शेजारून चालू लागले. आधी नुसते चालत होते. मग सवयीनंच जिभेनं 'च्च च्च' करू लागले. थोड्या वेळानं त्यांच्या हातातली काठी हवेत हलू लागली.

"सरळ. सरळ चला, भाऊसाहेब. ही गुलब्याची बाजू हाय. गुलब्या कधी असा तिरपा चालत न्हाई."

"मामा, मी गुलब्या नाही."

"ते दिसूनच राहिलं."

मागून चांद्या आणि गुलब्या येत होते. त्यांना कुणी बोलावलं नव्हतं, पण आपली गाडी चालली आहे म्हटल्यावर ते आपसूक निघाले होते. त्यांना आपल्या जागी दुसरे कुणी लागलेले बघून फार आश्चर्य वाटलेलं दिसलं नाही. गुलब्यानं तर एकदा पुढं होऊन विश्वंभररावांचा घामानं भिजलेला सदरा चाटला.

"तो धूर कसला?" केतकी मॅडमनी रानाकडं बघून विचारलं. त्या गाडीत बसल्या नव्हत्या, शेजारून पायी येत होत्या.

"हळद शिजून राहिली," शालूबाई धापा टाकत म्हणाल्या. "ते वाहन न्हाई, मॅडम. ते चूल हाय."

गावाच्या पहिल्या घरापाशी बातमी आधीच पोचली होती. बाया ओट्यावर आल्या, लेकरं भिंतीवर चढली. ग्रामसेवक जुवात, मेंबर जुवात, सरपंच मागं, बैल त्यांच्याही मागं आणि गाडीत सतरंजीवर एक साहेब तोंडावर रुमाल धरून बसलेले, अशी वरात टाकळीत कधी निघाली नव्हती. एका म्हातारीनं तर रिवाजाप्रमाणं गाडीपुढं तांब्याभर पाणी ओतलं. पाणी त्या दिवशी भरून ठेवलेलं, मोजकं होतं, तरी ओतलं.

विहिरीआधी छोटासा उतार लागतो. तिथं गाडीला एकाएकी विहिरीची ओढ लागली. तातेराव पळू लागले, विश्वंभरराव पळू लागले, उत्तमसिंग साहेबांनी रुमाल सोडून गाडीचा कठडा धरला.

"हो हो हो," जळबामामा बैल थांबवताना ओरडावं तसे ओरडले.

आणि विश्वंभरराव पाय रोवून जागच्या जागी थांबले. का थांबले ते त्यांना नंतरही सांगता आलं नाही. त्यांच्यामुळं तातेराव थांबले, आणि गाडी विहिरीच्या कट्ट्यापासून हातभर अंतरावर उभी राहिली.

"आता जमलं," जळबामामा म्हणाले आणि विश्वंभररावांच्या पाठीवरून हात फिरवला.

उत्तमसिंग साहेबांनी विहीर पाहिली. दोरीला दगड बांधून पाणी मोजलं, टाकीची उंची विचारली, कागदावर काही लिहिलं. मग केतकी मॅडमनी फाईल उघडली.

"मला एकच विचारायचं आहे," त्या म्हणाल्या. "दर सोमवारी असंच असतं का?"

विश्वंभररावांचं तोंड उघडलं. 'होय' हा शब्द जिभेवर तयार होता, एकवीस वर्षं तो तिथं तयारच असायचा. पण खांदा इतका ठणकत होता की बोलायला एक क्षण उशीर झाला, आणि तेवढ्यात शालूबाई बोलल्या.

"न्हाई, मॅडम. खोटं काहून बोलू. आजवर नुसता बोर्ड होता. आजचाच पहिला सोमवार."

तातेरावांनी टोपी काढून तिच्यात बघितलं. आपण आपल्या हातानं पंप विहिरीत ढकलला, असं शालूबाईंना वाटलं, आणि त्यांचे डोळे भरून आले. त्यांनी ते लपवलेही नाहीत.

उत्तमसिंग साहेब हसायला लागले. पोट हलेपर्यंत हसले. "मॅडम, चाळीस गावं पाहिली आपण. सगळीकडं बोर्ड आहे. पण बोर्डासाठी जुवात शिरलेला ग्रामसेवक कुठं पाहिला?"

केतकी मॅडम हसल्या नाहीत, पण पेनाचं टोपण काढलं. "पंचवीस गुण देते. पण अट आहे. पंप येऊन बसेपर्यंत दर सोमवारी नियम पाळायचा. मी कधीही, न सांगता बघायला येईन. एक चाक जरी धूर सोडत आत गेलं तरी मंजुरी रद्द."

"पुरावा जोडायचा का?" विश्वंभररावांनी सवयीनं विचारलं.

"मी काढलाय फोटो," मॅडम म्हणाल्या. पुढं तो फोटो पंचायत समितीच्या ग्रुपवर गेला, आणि त्याखाली कुणीतरी लिहिलं की दोघांत डावीकडचा बैल नवखा वाटतो.

मग मात्र सोमवार खरंच सुरू झाले. केतकी मॅडम दोनदा येऊन गेल्या म्हणे, टपरीवर चहा पिऊन, कुणाला न भेटता. सोमवारी तातेरावांचा ट्रॅक्टर ताडपत्रीखाली झोपायचा आणि तातेराव ओट्यावर. आधी लोकांनी कुरकुर केली, मग सोमवारी रस्त्यावर धूळ उडत नाही हे हळद वाळवणाऱ्या बायांच्या लक्षात आलं आणि कुरकुर करणाऱ्यांना घरातच उत्तर मिळू लागलं. विश्वंभररावांचं नशीब तर असं की पंचायत समितीनं सोमवारची बैठक गुरुवारी नेली. आता दर सोमवारी ते मोटारसायकल फाट्यावर लावून दोन किलोमीटर चालत यायचे. वाटेत जळबामामा भेटले की खांद्याची चौकशी करायचे, माणसाची करावी तशी नाही, बैलाची करावी तशी. दाबून बघून.

शेवटी पंप निघाल्याचा फोन आला. अकरावा आठवडा होता. ट्रक फाट्यावर आला, तिथूनच ड्रायव्हरनं कॉल केला, आणि सगळे धावत फाट्यावर गेले. ट्रकमध्ये निळ्या काचांच्या पाट्या, पाइप, आणि खोक्यात पंप. शालूबाईंनी खोक्याला हात लावून बघितला, लेकराच्या कपाळाला लावावा तसा.

आणि मग सगळ्यांनी एकदम हिरव्या बोर्डाकडं पाहिलं. सोमवार होता.

"उद्या आणता का?" विश्वंभररावांनी ड्रायव्हरला विचारलं.

"कल मेरा दूसरा जिला है, साब."

"मग इथंच उतरवा. उद्या ट्रॅक्टरनं नेऊ."

"कुएँ पे माल का फोटो होना. फोटो के साथ मोबाईल में जगह का नाम भी आता है. नहीं तो माल वापस."

तातेरावांनी रस्त्यावर दोन्हीकडं बघितलं. चिटपाखरू नव्हतं. "बाई, दहा मिनिटांचं काम हाय. कोन बघून राहिलंय?"

शालूबाईंना पंप दिसत होता. हात लावण्याइतका जवळ. साडेतीन वर्षांचे सगळे हंडे त्यांच्या डोक्यावर एकदम चढले. मग त्यांनी लिंबाच्या झाडाकडं मान वळवली. तिथं जळबामामा बसले होते. चांद्या आणि गुलब्या मोकळे चरत होते, आणि त्यांच्या खांद्यांना ताजं तेल लावलेलं होतं.

"मामा बघून राहिलेत," शालूबाई म्हणाल्या.

जळबामामांची गाडी झाडामागंच उभी होती. कालच, रविवारी, त्यांनी ती सहज आणून ठेवली होती. पंपाचा ट्रक या आठवड्यात येणार हे त्यांनी कुठंतरी ऐकलं होतं, आणि सरकारी माल कुठल्या वारी येतो याचा त्यांना सत्तर वर्षांचा अंदाज होता.

कुणी कुणाला काही सांगितलं नाही. प्रेमदास खोकी उतरवू लागला. तातेरावांनी टोपी खिशात घातली आणि उजवीकडं जाऊन उभे राहिले. विश्वंभररावांनी चष्मा काढला, पिशवीतून एक जाड टॉवेल काढून त्याची घडी खांद्यावर ठेवली, आणि जरा चाचरत जळबामामांजवळ गेले.

"मामा, एक विनंती होती. आज मला चांद्याच्या बाजूला लावा. गुलब्याच्या बाजूचा खांदा मागच्या वेळेपासून दुखून राहिला."

जळबामामांनी त्यांचा खांदा दाबून बघितला, थोडा विचार केला आणि मान हलवली.

"न्हाई, भाऊसाहेब. एकदा बाजू बसली की बदलायची नसते. बैल बिघडतो."